राजनांदगावची गाडी आणि पाळकाचे घर

नागपूरहून पूर्वेला निघालेली गाडी भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा करत गोंदियाला येते. गोंदिया सोडले की गुदमा आणि मग आमगाव. पुढे सालेकसा, दरेकसाचे डोंगर, डोंगरगड आणि राजनांदगाव. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर ते राजनांदगाव हा रूळ मीटरगेजचा होता. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेतला, रुंद केला आणि थेट कलकत्त्याच्या दिशेने नेला. भातखाचरांच्या या मुलखात माणसे, धान्य, लाकूड, बातम्या आणि विचार याच रुळावरून आले.

१८९३ साली या मार्गाने तिशीतला एक कोकणस्थ ब्राह्मण कवी राजनांदगाव संस्थानातल्या नोकरीसाठी निघाला होता. त्याचे नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्याने टिळकांना आपुलकीने जागा दिली, बोलणे संस्कृत साहित्यावरून धर्मावर गेले आणि उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना ते बोलणे अर्थातच पटले नाही. पुस्तक वाचण्याचे वचन मात्र त्यांनी दिले. त्या गृहस्थाचे नाव टिळकांच्या कथनात येत नाही. या वाटेवरच्या आमगाव तालुक्यातले पद्मपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मस्थान मानले जाते आणि आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. नागपूरकडून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीला भवभूतीच्या या परिसरातूनच जावे लागते. संस्कृत काव्यावर बोलत दोन अनोळखी माणसे ज्या मार्गाने गेली, तो मार्ग हाच. मराठी ख्रिस्ती धर्मजीवनाला वळण देणारी एक भेट आमगाववरून जाणाऱ्या या मार्गावर घडली, ही गोष्ट आमगावकरांनाही फारशी ठाऊक नसते.

लहान गावातला ख्रिस्ती उपदेशक काय करतो, कसा जगतो, त्याची सेवा म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर टिळकांइतके चांगले उदाहरण मराठीत नाही. एरवी अशा माणसाच्या आयुष्याची नोंद मिशनच्या अहवालात उरते. किती बाप्तिस्मे झाले, किती खेड्यांना भेटी दिल्या, शाळेत किती मुले आली, एवढे आकडे तिथे सापडतात. त्याच्या घरात त्या दिवशी पीठ होते का, रात्री दाराशी आलेल्या माणसाला कोणी वाढले, त्याच्या पायी कोणाचे माहेर तुटले, हे अहवालात लिहीत नाहीत. टिळकांच्या बाबतीत ते सगळे आपल्याला कळते, कारण त्यांच्या पत्नीने ते लिहून ठेवले. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आपण मराठीतले श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. पण एका पाळकाच्या सेवेची ती सर्वांत खरी नोंदही आहे. ही सेवा एकट्या माणसाची कधीच नसते, ती सगळ्या घराची असते, हे त्या पुस्तकाइतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठे सापडत नाही.

टिळकांचा जन्म कोकणातल्या करजगावचा, १८६१चा. नाशिकला शिक्षण, शिक्षण अर्धवट, मग शिक्षकी, कीर्तने, प्रवचने, वर्तमानपत्रे, एका गावाहून दुसऱ्या गावी भटकंती. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांवरचा त्यांचा विश्वास याच काळात ढासळला. आपणच एक नवा धर्म सांगावा असेही त्यांना वाटू लागले होते. हा माणूस घरात स्थिर कधीच नव्हता. बाजारात पाठवले तर वाटेत कोणाला तरी पैसे देऊन रिकाम्या हाती परतणारा, रागाच्या भरात घर सोडून जाणारा आणि तितक्याच वेगाने पश्चात्ताप करणारा. लक्ष्मीबाईंनी हे सगळे प्रेमाने लिहिले आहे, पण काहीही झाकलेले नाही.

राजनांदगावला पोचल्यावर टिळकांनी दिलेले वचन पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरचे प्रवचन त्यांनी वाचले आणि तिथून त्यांना पुढे हलताच येईना. बारा गावचे पाणी प्यायलेल्या, वादविवादात मुरलेल्या माणसाला वाद न घालता बोलणारे ते अध्याय भिडले. पुढचे महिने त्यांनी वाचनात आणि प्रार्थनेत काढले, ख्रिस्ती नियतकालिकांशी टोपणनावाने पत्रव्यवहार केला आणि स्वतःशी झगडा केला. हा झगडा धर्मतत्त्वांशी कमी आणि घराशी जास्त होता. बाप्तिस्मा घेतला की पत्नी, मूल, सासर, गोत, सगळे एका दिवसात तुटणार हे त्यांना पुरते कळत होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भेंडीबाजारातल्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो एतद्देशीय पाळकाच्या हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता. रेव्हरंड तुकाराम नथूजी यांनी तो विधी केला. या लहानशा आग्रहात टिळकांची पुढची सगळी सेवा आधीच दिसते. ख्रिस्त त्यांना हवा होता, पण तो साहेबाच्या हातून नको होता.

लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कमालीचे कडक. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घरात घ्यायची, अशा घरात त्या वाढल्या. लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. टिळकांनीच त्यांना थोडेफार शिकवले. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी त्यांच्यावर कोसळली तेव्हा पदरात लहान मुलगा दत्तू (देवदत्त) होता. त्या पंढरपूरला बहिणीच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत, पण त्याचे नाव काढायची चोरी. कुंकू लावायचे, पण कोणाच्या नावाचे हे सांगायची सोय नाही. ताटातुटीची ही चार-पाच वर्षे पत्रांवर आणि कवितांवर काढली गेली. शेवटी त्या अहमदनगरला गेल्या, पण सोवळे सोडून नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी ते मान्य केले. मला हा भाग पाळक टिळकांच्या चरित्रातला सर्वांत मोलाचा वाटतो. परक्यांना तासनतास उपदेश करणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोवर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाईंच्या मनातली जात त्यांच्याच विचाराने गळून पडली. देवाने माणसे निर्माण केली, जाती माणसांनी केल्या, हा निष्कर्ष त्यांनी कोणाच्या प्रवचनातून घेतला नाही. तो त्यांना आपल्या अनुभवातून सापडला. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे. तिथल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात टिळक शिकवत, रेव्हरंड ह्यूम यांच्यासोबत काम करत. पुढे राहुरीलाही त्यांनी संसार आणि सेवा केली. राहुरी तेव्हा अगदी लहान गाव होते. सेवेचे खरे रूप तिथे दिसते. १८९९-१९००च्या दुष्काळात आईबाप गमावलेली मुले मिशनच्या दाराशी येत. टिळकांना कोणालाही नाही म्हणता येत नसे, आणि त्यांनी घरात आणलेल्या प्रत्येक मुलाला न्हाऊ घालणे, खरूज धुणे, जेवू घालणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. ज्या बाईने लहानपणी बाहेरचा वारा लागला तरी पाणी टाकून द्यायचे असे शिक्षण घेतले होते, तीच आता कोणाकोणाची मुले पोटाशी धरून निजवत होती. प्लेगच्या काळात त्यांनी छावणीत राहून आजारी मुलींची शुश्रूषा केली. टिळकांना १९०४मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण माझ्या मते या घराची दीक्षा त्याआधीच, दुष्काळात आणि प्लेगात झाली होती.

त्या घराचे दार लेखक-कवींनाही उघडे असे. बालकवी ठोमरे काही काळ नगरला त्यांच्याकडे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘बापाचे अश्रू’ लिहिणारे टिळक आणि रविवारी वेदीपाशी उभे राहणारे टिळक असे दोन वेगळे टिळक नव्हते. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत आली. त्याच माणसाने उपासनेची भाषाच बदलली, हे पाठ्यपुस्तकांत येत नाही.

ते कसे झाले, ते थोडे तपशिलात सांगायला हवे. मिशनऱ्यांनी मराठीत उपासना सुरू केली तेव्हा बहुतेक गाणी विलायती चालींवर बसवलेली होती. शब्द मराठी, पण ठेका परका. श्वास कुठे घ्यावा हेही गाणाऱ्याला कळेना, आणि लांब-आखूड अक्षरे सुरांसाठी ओढून ताणून बसवलेली. खेड्यातल्या ऐकणाऱ्याला ते ऐकून साहेबाची कचेरी आठवे. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी टिळकांच्या आधीच, १८६०च्या दशकात, ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग केला होता. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, वीणा, मध्येच पद, मध्येच आख्यान, आणि आख्यानात येशूची कथा. लोक रात्रभर बसत. टिळकांनी हा धागा उचलला आणि त्याला कवीचा हात दिला. अभंग, ओवी, साकी, दिंडी, आरती हे सगळे साचे त्यांच्या बोटांवर होते. वडिलोपार्जित घरात ऐकलेले तुकोबा आणि ज्ञानोबा त्यांनी धर्मांतरानंतर टाकून दिले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. ‘उपासनासंगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात सुमारे अडीचशे गीते एकट्या टिळकांची आहेत. आजही विदर्भातल्या एखाद्या लहान मंडळीत पेटी आणि ढोलकीवर गायल्या जाणाऱ्या गाण्यांत त्यांचे शब्द असण्याची शक्यता मोठी आहे, गाणाऱ्याला कवीचे नाव माहीत असो वा नसो.

कीर्तनाची निवड ही सोय म्हणून केलेली नव्हती. व्यासपीठावरून बोलणारा आणि खाली बसून ऐकणारा हे नाते कीर्तनात बदलते. कीर्तनकाराला श्रोत्यांनी पद उचलून धरावे लागते. श्रोते गप्प बसले तर कीर्तन बसते. उपदेशकाला त्यामुळे समोरच्याची चाल, समोरच्याचा शब्द, समोरच्याचे दुखणे माहीत असावेच लागते. टिळक इतर उपदेशकांनाही कीर्तन शिकवत. पुढे लक्ष्मीबाई स्वतः कीर्तने करू लागल्या. एका स्त्रीने वीणा गळ्यात घालून येशूचे आख्यान लावणे त्या काळात किती नवलाचे असेल, याची कल्पना करता येते.

आता आपण पुन्हा पूर्व विदर्भाकडे येऊ, कारण या मुलखाची स्वतःचीही एक कथा आहे. मराठीत बायबल आणायचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला नाही. तो बंगालमधल्या श्रीरामपूरला झाला. विल्यम कॅरी यांच्यासोबत काम करणारे वैजनाथ पंडित हे नागपूरकडचे. मत्तयाचे मराठी शुभवर्तमान तिथे १८०५मध्ये छापले गेले. स्कॉटलंडहून आलेले स्टीफन हिस्लॉप १८४५च्या सुरुवातीला नागपुरात पोचले. शाळा काढणे, उपदेश करणे ही त्यांची नेमणूक, पण हा माणूस दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या गाण्यांच्याही मागे फिरला. लिंगोची गोंडी कथा त्यांनी लिहून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळचे दगडी वर्तुळांचे जुने अवशेष पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांनी जमवलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६मध्ये छापली. आज नागपुरातले हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने आहे. गोंडांच्या मुलखात राहून त्यांची भाषा न शिकणारा उपदेशक आणि हिस्लॉप यांच्यात किती अंतर आहे, हे टेंपल यांच्या पुस्तकाची पाने पाहिल्यावर समजते. आमगाव-सालेकसाच्या भागात पोवारी, झाडीबोली, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगडी एकाच बाजारात ऐकू येतात. इथे बोलणाऱ्याला पुस्तकी मराठी पुरत नाही.

विदर्भाने उपदेशक तयार करण्याचे कामही केले. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही संस्था १९५३मध्ये यवतमाळला उभी राहिली आणि तीस वर्षे तिथेच होती. १९८३मध्ये ती पुण्याला गेली. उत्तर भारतातल्या सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली तीही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी.

पाळक या माणसाचा आठवडा कसा जातो, हे ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. लोकांना रविवारची उपासना दिसते. प्रार्थना, गीते, शास्त्रवाचन, उपदेश, दानार्पण, आणि ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन. हे सगळे मिळून दोनएक तासांचे काम. बाकीचा आठवडा घरभेटींत जातो. कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाचा मुलगा दारूला लागला, कोणाला शाळेच्या दाखल्यावर धर्म काय लिहायचा हा प्रश्न, कोणाच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे आहे. लहान गावात मंडळी दहा-वीस घरांची असते आणि ती घरेही वेगवेगळ्या वस्त्यांत, कधी वेगवेगळ्या गावांत पसरलेली. एका ठिकाणची उपासना आटोपून दुसऱ्या ठिकाणी जायचे म्हणजे मोटारसायकल, बस किंवा पॅसेंजर गाडी. आठवड्यात एखाद्या घरी प्रार्थनासभा असते. तिला शेजारचे हिंदू-बौद्ध लोकही येऊन बसतात, कारण घरातल्या आजाऱ्यासाठी कोणीतरी प्रार्थना करतो आहे एवढे त्यांना पुरते. धानाची कापणी झाली की कृतज्ञतेची उपासना होते. लोक तांदूळ, भाजी, कोंबडी घेऊन येतात, शेवटी लिलाव होतो आणि तो पैसा मंडळीच्या कामाला जातो.

लग्न लावणे हा पाळकाच्या कामाचा कायदेशीर भाग. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार दीक्षित पाळकाला किंवा सरकारने परवाना दिलेल्या वा नेमलेल्या व्यक्तीलाच ख्रिस्ती लग्न लावता येते. आधी सूचना जाहीर करायची, साक्षीदार ठेवायचे, नोंदवहीत सह्या घ्यायच्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्याने वेळही ठरवून दिली आहे. विशेष परवानगी नसेल तर लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लागले पाहिजे. विदर्भात रात्रीच्या वरातींची सवय असलेल्या पाहुण्यांना याचे आश्चर्य वाटते. मृत्यू मात्र वेळ पाहत नाही. दफनाच्या जागेचा प्रश्न लहान गावातल्या पाळकाला सर्वांत जास्त छळतो. वस्ती लहान, जमीन महाग, आणि जुन्या दफनभूमीचे कागद कुठल्या तरी कपाटात. तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणे हेही सेवेतच मोडते.

आणि बहुतेक ठिकाणी पाळकाइतकेच पाळकीणबाईंचे काम असते. संडे स्कूल त्या घेतात, महिला मंडळाची बैठक त्यांच्या ओसरीवर होते, बाळंतिणीला डबा त्यांच्याकडून जातो. याची नोंद कुठल्याही पगारपत्रकात नसते. लक्ष्मीबाईंच्या काळीही नव्हती.

या कामावर संशयाची सावली आहे, आणि ती टाळून हा विषय मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५६पर्यंत भंडारा जिल्हा, आणि त्यासोबत आजचे आमगाव, मध्य प्रदेश राज्यात होते. राजधानी नागपूर. मध्य प्रदेश सरकारने १९५४मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६च्या अहवालात, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे अशी शिफारस होती. ख्रिस्ती संस्थांनी त्या अहवालावर पक्षपाताचा आक्षेप घेतला. त्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात आला आणि राजनांदगाव-डोंगरगडचा भाग मध्य प्रदेशातच राहिला. मध्य प्रदेशाने १९६८मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. त्यामुळे दरेकसाच्या डोंगराच्या पलीकडच्या पाळकाला एक कायदा लागू, अलीकडच्याला नाही, अशी स्थिती आली. रायपूरचे रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७मध्ये न्यायालयाने निकाल दिला की घटनेच्या २५व्या कलमातला धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नव्हे. तो निकाल आजही आधारभूत मानला जातो.

मला वाटते, या वादाची सर्वांत जुनी आणि सर्वांत मानवी उत्तरे टिळकांच्या घरात सापडतात. टिळक स्वतः कोणाच्या जबरदस्तीने ख्रिस्ती झाले नाहीत. एका पुस्तकाने आणि दोन वर्षांच्या विचाराने झाले. लक्ष्मीबाई त्यांच्या घरात कित्येक महिने हिंदू म्हणून, स्वतंत्र चुलीवर राहिल्या. आमिष दाखवून किंवा धाक घालून केलेल्या बाप्तिस्म्यावर या घराचा विश्वास बसला नसता, कारण हा बदल आत किती खोल जावा लागतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले होते. पण या अनुभवाची दुसरी बाजूही आहे. लक्ष्मीबाईंची चार-पाच वर्षे कोणीही परत देऊ शकले नाही. नवऱ्याचा आत्मिक शोध कितीही खरा असला तरी त्याची किंमत बायकोने आणि मुलाने मोजली. त्यांच्या पुस्तकात ही वेदना कुठेही पुसलेली नाही, आणि म्हणूनच ते पुस्तक धर्मांतराच्या बाजूने किंवा विरोधात साक्षीला उभे करता येत नाही.

पगार हा पाळकाच्या आयुष्यातला अवघड विषय. मिशनने नेमलेला उपदेशक मिशनचा नोकर ठरतो. तो काय बोलतो यापेक्षा तो कोणाच्या पैशावर बोलतो हे गावकरी आधी विचारतात. टिळकांना हा काटा अनेक वर्षे सलत होता. १९१२पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. हे नियतकालिक १८४२पासून चालू होते. तिथूनही त्यांनी विलायती पेहराव आणि विलायती नावे घेऊन ख्रिस्त भारतात रुजणार नाही, हे सतत मांडले. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मिशनच्या शिस्तीत वाढलेल्या अनेकांना हे मानवले नाही. पण काळाच्या पुढचा विचार म्हणून तो आजही अभ्यासला जातो. आजच्या लहान गावातल्या पाळकालाही हाच प्रश्न पडतो. मंडळीच्या वर्गणीत त्याचे घर चालत नाही, आणि बाहेरचा पैसा घेतला की गावात बोट दाखवले जाते. अनेक जण शिकवण्या घेतात, शेती करतात, काही खासगी शाळेत नोकरी करतात आणि रविवारी वेदीपाशी उभे राहतात. टिळकांनी जे तत्त्व म्हणून निवडले, ते आज कित्येकांना गरज म्हणून जगावे लागते. मला त्यात कमीपणा दिसत नाही. जो माणूस आठवडाभर शेजाऱ्यांसारखाच कष्ट करतो, त्याचे रविवारचे बोलणे शेजारी अधिक कान देऊन ऐकतात.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी सुरू केले होते, पण त्यांच्या हातून थोडेच अध्याय झाले. लक्ष्मीबाई पुढे काही वर्षे मुलाकडे कराचीला राहिल्या. त्यांनी ते काव्य हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय स्वतः लिहिले. वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून देवदत्त टिळकांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. त्या आठवणी वाढत गेल्या, वडिलांच्या चरित्राची सामग्री हे रूप त्यांनी मागे टाकले आणि ‘स्मृतिचित्रे’ झाली. १९३४पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. त्यात राजनांदगावची बिऱ्हाडे आहेत, नागपूर आहे, या भागातले उन्हाळे आणि पाऊस आहेत. पूर्व विदर्भातल्या वाचकाने हे पुस्तक या दृष्टीने एकदा वाचावे. शेवटपर्यंत त्या लिहीतच होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यानंतर देवदत्तांनी छापले.